वनस्पतीजन्य प्रोटीन बार आणि पाकीटबंद ‘आरोग्यदायी’ पदार्थ: वेष्टनावरचे नेमके काय वाचावे?

प्रश्न

गेले दोन महिने मी दुपारच्या चार-साडेचारच्या भुकेसाठी पाकीटबंद ‘आरोग्यदायी’ पदार्थ आणि वनस्पतीजन्य प्रोटीन बार खाऊन पाहत आहे. कामावरून निघायला उशीर होतो, त्या वेळी हाताशी बिस्किटांचा पुडा असला की तो अर्धा कधी संपतो ते कळत नाही आणि रात्रीचे जेवण बिघडते. ते थांबावे एवढाच माझा हेतू आहे. वजन उचलण्याचा वगैरे व्यायाम मी करत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ मला पचत नाहीत, त्यामुळे व्हे प्रथिनांचे बार माझ्या उपयोगाचे नाहीत.

काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि पुन्हा भूक कधी लागली, याची नोंद मी एका वहीत ठेवली आहे. त्यातल्या चार पदार्थांबद्दल विचारायचे आहे. पहिला बार ६० ग्रॅमचा, वाटाणा आणि तांदूळ यांच्या प्रथिनांचा, वर चॉकलेटचा थर असलेला. त्यात १५ ग्रॅम प्रथिने, ९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ९ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि २१३ किलोकॅलरी आहेत. ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिले आहे आणि घटकांमध्ये १६ ग्रॅम माल्टिटॉल आहे. दुसरा खजूर-बदामाचा, ४५ ग्रॅमचा; त्यात ५ ग्रॅम प्रथिने, १८ ग्रॅम साखर, १८५ किलोकॅलरी, आणि दर्शनी बाजूस ‘फळांची नैसर्गिक गोडी’. तिसरा ओट्स, शेंगदाणे आणि बिया सिरपमध्ये बांधून केलेला, ४० ग्रॅमचा. ६ ग्रॅम प्रथिने, १८७ किलोकॅलरी, आणि ‘प्रथिनांचा स्रोत’ ही अक्षरे बाकी सगळ्यांपेक्षा मोठी. चौथा पदार्थ बार नाही. कडधान्यांच्या पिठाचे फुगवलेले खारे तुकडे आहेत, आणि त्यांच्या तक्त्यात ३० ग्रॅमला ५ ग्रॅम प्रथिने व ०.६ ग्रॅम मीठ दाखवले आहे.

माझ्या शंका अशा. पहिल्या बारने भूक सर्वांत जास्त वेळ, जवळजवळ तीन तास, लागली नाही. पण ज्या दोन दिवशी मी तो दोनदा खाल्ला, त्या दोन्ही दिवशी संध्याकाळी पोट फुगले आणि दुसऱ्या वेळी जुलाबही झाले. त्यात बिघडलेले काही होते का? त्याच बारचा बारा नगांचा डबा घेतला तेव्हा सुरुवातीचे बार मऊ होते आणि शेवटचे दोन दातांनी तोडणेही अवघड झाले, हे कशामुळे? वनस्पतींच्या प्रथिनांचे १५ ग्रॅम हे खरोखर १५ ग्रॅम धरावेत का? आणि शेवटचे, तक्त्यात इतके आकडे असताना दुकानात उभे राहून आधी कोणता पाहावा?

प्रतिसाद १

मी काही वर्षे बार तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता-तपासणीचे काम केले आहे, म्हणून उत्पादनाच्या बाजूने जे ठाऊक आहे ते सांगतो.

तुमचा पहिला बार बहुधा भाजलेला नाही. प्रथिनांची भुकटी, गोड चिकट द्रव आणि थोडे तेल एकत्र मळून त्याची लादी दाबतात, ती कापतात आणि मग तुकड्यांवर चॉकलेट ओततात. तो मऊ राहावा म्हणून आत पाणी हवे. पण ते पाणी बुरशी आणि जीवाणूंच्या हाती लागता कामा नये, यासाठी ग्लिसरॉल, सिरप किंवा माल्टिटॉल यांनी ते बांधून ठेवतात. सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे न बांधलेले पाणी किती आहे, या मापाला अन्नशास्त्रात जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ धरली जाते, बहुतेक जीवाणूंना सुमारे ०.९ तरी लागते, आणि बार ०.६५ च्या आसपास किंवा त्याखाली ठेवलेला असतो. त्यामुळे शीतपेटीशिवाय महिनोन् महिने टिकणे ही बारच्या बाबतीत संशयास्पद गोष्ट नाही, आणि तुमच्या पोटदुखीचे कारण बार नासलेला होता हे असण्याचा संभव फार कमी आहे. खरे कारण घटकसूचीतच आहे. त्याबद्दल कोणी आहारतज्ज्ञ माझ्यापेक्षा नीट सांगतील.

बार कडक होण्याचे कारण मात्र याच बांधलेल्या पाण्यात आहे. कोरडी प्रथिनभुकटी सिरपमधले पाणी हळूहळू स्वतःकडे ओढते, प्रथिनांचे कण एकमेकांना चिकटून जाळे तयार करतात, आणि प्रथिने व साखर यांच्यातली, पाव भाजताना त्याला तांबूस रंग देणारी जी मेलार्ड अभिक्रिया, तीही साठवणीत अतिमंद गतीने चालूच राहते. उष्णतेत हे सगळे लवकर घडते. प्रथिनांचे प्रमाण जितके जास्त, तितका बार लवकर कडक होतो. आमच्याकडे तक्रारींच्या वहीत सर्वांत मोठा भाग याच एका दोषाचा असे, आणि तो झाकण्यासाठी भुकटीचा काही भाग काढून त्याऐवजी प्रथिनांचे फुगवलेले कुरकुरीत दाणे घालणे हा आम्हाला सापडलेला सर्वांत प्रामाणिक उपाय होता. कडक बार खाण्यास अपायकारक नसतो.

आता १५ ग्रॅमचा प्रश्न. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. ही पद्धत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली मांडली. प्रथिनांमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, या गृहीतकावर तो गुणक उभा आहे. पण वनस्पतींच्या प्रथिनांत नायट्रोजनाचे प्रमाण बहुधा याहून थोडे जास्त असते. सोयाबीनसाठी वापरला जाणारा खास गुणक ५.७१ आहे. बऱ्याच देशांच्या नियमांत सगळ्यांना ६.२५ हाच गुणक चालतो, म्हणून वनस्पतीजन्य बारवरचा आकडा खोटा नसला तरी किंचित सढळ असतो, हे लक्षात ठेवावे.

याला जोडूनच मिठाबद्दल. वाटाण्याचे पीठ अल्कली पाण्यात कालवून प्रथिने विरघळवतात, मग आम्ल घालून पाण्याचा सामू ४.५ च्या आसपास आणला की ती खाली बसतात, आणि शेवटी वाळवण्याआधी आम्लपणा घालवण्यासाठी बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात. त्यामुळे चवीला गोड असलेल्या बारमध्येही सोडियमचा आकडा अनपेक्षितपणे मोठा आढळतो. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी गोड बारच्या तक्त्यातली मिठाची ओळ वगळून पुढे जाऊ नये.

प्रतिसाद २

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आधी पोटाबद्दल, कारण तो त्रास टाळण्याजोगा आहे.

माल्टिटॉल हे साखरेपासून बनवलेले, पण रासायनिकदृष्ट्या ‘शर्करा-अल्कोहोल’ या गटात मोडणारे गोड द्रव्य आहे. लहान आतड्यात ते पूर्ण शोषले जात नाही. उरलेला भाग आतड्यात पाणी ओढून घेतो आणि मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या तावडीत सापडून वायू तयार करतो. तुमच्या बारमधले ९ ग्रॅम तंतुमय पदार्थ कशाचे आहेत ते घटकसूचीत पाहा. तिथे चिकोरीच्या मुळांचे तंतू किंवा इन्युलिन असे लिहिलेले असेल, तर त्याचाही परिणाम असाच वायू होण्यात होतो. दोन बार म्हणजे ३२ ग्रॅम माल्टिटॉल आणि १८ ग्रॅम तंतू, तेही एका दुपारी. इतक्याने निरोगी माणसाचेही पोट बिघडू शकते. युरोपीय संघात अशी द्रव्ये १० टक्क्यांहून जास्त घातली असतील तर अतिसेवनाने जुलाब होऊ शकतात, ही सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. तुमच्या बारमध्ये हे प्रमाण २७ टक्क्यांच्या जवळ जाते. लहान मुलांना असा बार देताना तर फारच जपावे, कारण तेवढेच माल्टिटॉल त्यांच्या लहान शरीराला जाते.

‘साखर घातलेली नाही’ हे वाक्य खरे आहे, पण ते वाचून आपण मनात जे समजतो ते खरे असेलच असे नाही. माल्टिटॉलला ग्रॅममागे सुमारे २.४ किलोकॅलरी धरतात, साखरेला ४. म्हणजे ते कमी आहे, शून्य नव्हे. दुसऱ्या बाजूस तुमच्या खजुराच्या बारमध्ये कोणी वेगळी साखर घातली नसेलही, तरी सुक्या खजुराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग साखरच असतो. मी त्या बारला वाईट म्हणणार नाही; घटकांची नावे दोनच आहेत आणि दोन्ही ओळखीची आहेत. मात्र तो प्रथिनांसाठी खाण्याचा बार नाही. ते गोड फळ आहे, सोबत थोडा सुका मेवा आहे, आणि त्याच भावनेने तो खावा.

दुकानात आधी काय पाहावे, याचे माझे उत्तर एका भागाकाराचे आहे. प्रथिनांच्या ग्रॅमना ४ ने गुणा (प्रथिनांनाही ग्रॅममागे ४ किलोकॅलरी धरतात) आणि एकूण किलोकॅलरींनी भागा. पहिल्या बारमध्ये ६० भागिले २१३, म्हणजे २८ टक्के ऊर्जा प्रथिनांतून येते. दुसऱ्यात ११ टक्के. तिसऱ्यात २४ भागिले १८७, जेमतेम १३ टक्के. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांनुसार १२ टक्के ऊर्जा प्रथिनांची असली की ‘प्रथिनांचा स्रोत’ आणि २० टक्के असली की ‘प्रथिनांनी समृद्ध’ असे लिहिता येते. तुमचा तिसरा बार ती पहिली पायरी कशीबशी चढला आहे आणि तेवढ्यावरच ती मोठी अक्षरे छापली गेली आहेत. साध्या भाजलेल्या ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात-साडेसात ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १७० किलोकॅलरी असतात, हे शेजारी ठेवून पाहिले की त्या बारमधले सिरप आपल्याला काय देते असा प्रश्न पडतो.

प्रथिनांच्या दर्जाबद्दल थोडे. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि वाटाण्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून तुमच्या बारमधली जोडी विचारपूर्वक निवडलेली आहे. सोयाबीनची शुद्ध प्रथिने एकटीच दुधाच्या प्रथिनांच्या जवळ जातात. पण तुम्ही दिवसभर इतरही धान्ये आणि कडधान्ये खात असणार, आणि शरीर हा हिशेब एका बारवर करत नाही, दिवसभराच्या खाण्यावर करते. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या २००७ च्या संयुक्त अहवालात प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सुरक्षित मानली आहेत. ६० किलो वजनाला ते जवळपास ५० ग्रॅम होतात. व्यायाम करत नसाल आणि जेवण नीट होत असेल, तर त्यातले १५ ग्रॅम पाकिटातून यायलाच हवेत असे नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र असे बार आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

चौथ्या पदार्थाचे पाकीट एकूण किती ग्रॅमचे होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते ९० ग्रॅमचे असेल आणि तुम्ही ते एका बैठकीत संपवत असाल, तर १.८ ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे.

प्रतिसाद ३

मूळ प्रश्नात ‘दूध पचत नाही’ असे आहे, ॲलर्जी असे नाही. हा फरक स्पष्ट असावा म्हणून लिहितो आहे, कारण हा धागा पुढे कोणी दुधाची ॲलर्जी असलेला माणूसही वाचेल.

माझ्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे. ती सात वर्षांची असताना आम्ही तिला गडद चॉकलेटचा थर असलेला, दर्शनी बाजूस ‘वनस्पतीजन्य’ लिहिलेला एक बार दिला आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजून अंगावर गांधी उठल्या. नंतर वेष्टन उलटून पाहिले, तेव्हा ‘दुधाचे अंश असू शकतात’ ही ओळ शेवटी, घटकसूचीच्या खाली होती. वाचायला हवी होती ती मी वाचली नाही, आणि त्या रात्रीनंतर आमच्या घरात न वाचता एकही पाकीट उघडले गेलेले नाही. वनस्पतीजन्य हा शब्द पाककृतीबद्दल बोलतो. त्याच यंत्रावर आदल्या पाळीत दुधाचे चॉकलेट ओतले होते की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. ‘अंश असू शकतात’ ही सूचना अनेक देशांत ऐच्छिक आहे, त्यामुळे ती नसली तरी पदार्थ सुरक्षित आहे असे मानता येत नाही. उत्पादकाला लिहून विचारणे हाच खरा मार्ग आहे. नेहमीच्या पदार्थाची पाककृतीही न सांगता बदलते, म्हणून वेष्टन दर वेळी वाचावे लागते.

आणखी एक गोष्ट शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. शेंगदाणा, वाटाणा आणि ल्युपिन (ज्याच्या बियांचे पीठ करतात असे एक कडधान्य) ही एकाच शिंबावर्गीय कुळातली आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही जणांना ल्युपिनच्या पिठाचा त्रास होतो, आणि साधा वाटाणा खाऊन काही न होणाऱ्यालाही वाटाण्याच्या संपृक्त प्रथिनांनी त्रास होऊ शकतो, कारण एका बारमध्ये ताटातल्या वाटाण्यांच्या मानाने कितीतरी जास्त प्रथिन असते. युरोपीय संघाच्या चौदा ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत ल्युपिन आहे, वाटाणा नाही. त्यामुळे वाटाण्याचे नाव ठळक अक्षरांत छापले जाईलच असे नाही.

प्रतिसाद ४

वरचे सगळे पटते, तरी एक बाजू राहून जाते आहे असे मला वाटते. मी रुग्णसेवेत रात्रपाळी करते. पहाटे तीनला बसायला पाच मिनिटे मिळतात, हात धुऊन काहीतरी तोंडात टाकायचे असते, आणि त्या वेळी डबा उघडून खाणे जमत नाही. माझ्यासाठी पर्याय बार की शेंगदाणे असा नसतो. तो बार की यंत्रातले चॉकलेट असा असतो, आणि अनेकदा बार की काहीच नाही असा असतो. बार चांगला की वाईट हे तो कशाच्या जागी खाल्ला जातो यावर ठरते, आणि ते वेष्टनावर छापता येत नाही.

अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या चर्चेत हे विशेष जाणवते. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोन्तेरो यांच्या गटाने मांडलेल्या, अन्नावर किती प्रक्रिया झाली यावरून गट पाडणाऱ्या नोव्हा वर्गीकरणात वेगळी काढलेली प्रथिने ज्या पदार्थात आहेत तो चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रियायुक्त गटात जातो, आणि त्या न्यायाने जवळपास प्रत्येक प्रोटीन बार तिथेच बसतो. पोषण-संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे तसे अन्न आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचे अन्न हवे तितके खाऊ दिले, तेव्हा अतिप्रक्रियायुक्त आहारावर ते दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होते. हा निष्कर्ष मी गांभीर्याने घेते. पण तिथे सगळाच आहार तसा होता. आठवड्यातून तीन बार खाणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा लावणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. घटकसूची पुन्हा वाचली. पहिल्या बारमध्ये माल्टिटॉल दुसऱ्या क्रमांकावर आणि चिकोरीचे तंतू चौथ्या क्रमांकावर आहेत, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात हे लक्षात घेता माझ्या दोन्ही वाईट संध्याकाळींचा उलगडा झाला. खाऱ्या तुकड्यांचे पाकीट खरोखरच ९० ग्रॅमचे होते आणि मी ते दोन वेळा एका बैठकीत संपवले होते. तक्ता ३० ग्रॅमचा आहे हे मी प्रश्नात लिहिले, पण स्वतःच्या खाण्याला लावून पाहिले नव्हते.

भागाकार करून पाहिल्यावर तिसरा बार मी बंद करते आहे. त्याच्या जागी शेंगदाण्यांची लहान डबी खणात ठेवली आहे आणि चार दिवसांच्या नोंदीनुसार भूक त्या बारपेक्षा उशिरा लागते. पहिला बार उशीर होणाऱ्या दिवसांपुरता, एका दिवशी एकच, असा ठेवणार आहे, कारण त्याने भूक भागते हे वहीत स्पष्ट दिसते. खजुराचा बार मला आवडतो, म्हणून तो राहील, मात्र प्रथिनांच्या रकान्यात त्याची नोंद करणार नाही.

एकच शंका उरली. बारा नगांचा डबा घेणे मग टाळावे का? आणि शेवटच्या दोन बारांच्या चॉकलेटवर पांढुरकी साय आली होती, ती बुरशी नव्हे ना?

प्रतिसाद १ कडून

महिन्यात तीन-चारच बार खाणार असाल तर सुटे घ्यावेत. डबाच घ्यायचा असल्यास ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही तारीख जितकी लांबची असेल तितका तो ताजा, आणि घरी तो खिडकीपासून व चुलीपासून दूर, थंड कपाटात ठेवावा. गाडीत मुळीच ठेवू नये. कडक झालेला बार तळहातात काही मिनिटे धरला तरी थोडा मऊ होतो, कारण त्यातले स्निग्ध पदार्थ सैल होतात, पण ओढले गेलेले पाणी काही परत येत नाही.

पांढरी साय बहुधा कोको बटरची असते. चॉकलेट एकदा गरम होऊन पुन्हा थंड झाले की त्यातला स्निग्धांश पृष्ठभागावर येऊन गोठतो. बोट फिरवल्यावर ती वितळून नाहीशी झाली तर स्निग्धांशच आहे आणि बार खाता येईल. ती तंतूंसारखी उभी, हिरवट किंवा करड्या रंगाची असेल, किंवा वेष्टनाचा सांधा सुटलेला असेल, तर बार टाकून द्यावा. तुमच्या शेवटच्या दोन बारांना साय आली आणि तेच कडकही झाले, यावरून तो डबा तुमच्याकडे येण्याआधी किंवा आल्यावर कुठेतरी बराच वेळ उन्हात राहिला असावा असे वाटते.